दुसऱ्याचें मूत्रपिंड आणि स्वतःची त्वचा

मूत्रपिंडारोपणाची शस्त्रक्रिया यशस्वी होऊन रोगी घरीं जावयास निघाला, म्हणजे डॉक्टरांकडून त्याला सूचनांची एक लांबलचक यादी मिळते. औषधांच्या वेळा कशा पाळाव्या, पाणी कसें प्यावें, गर्दींत कां जाऊं नये, ताप आल्यास काय करावें, हें सर्व तींत असतें, आणि त्याचें कारण रोग्याला व त्याच्या आप्तांना सहज उमगतें. परंतु त्याच यादींत आणखी एक सूचना असते, निदान असावयास पाहिजे. ती मात्र पुष्कळांना बुचकळ्यांत टाकते. उन्हापासून कातडीचें रक्षण करा, आणि महिन्यांतून एकदां सर्व अंग डोक्यापासून तळपायापर्यंत न्याहाळून पाहा, अशी ती सूचना होय. बिघडलें होतें तें मूत्रपिंड. त्याच्या जागीं दुसरें बसविलें. मग कातडीचा आणि उन्हाचा येथें संबंध काय?

अहिल्यानगर जिल्ह्यांत तर हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. २०२४ सालापर्यंत अहमदनगर ह्या नांवानें ओळखला जाणारा हा जिल्हा क्षेत्रफळानें महाराष्ट्रांत सर्वांत मोठा. अकोलें तालुक्याची डोंगरपट्टी सोडली, तर त्याचा बहुतेक भाग पर्जन्यछायेंत मोडतो. ढग थोडे आणि ऊन पुष्कळ. श्रीगोंद्याचा लिंबाचा बागाईतदार, राहुरी-श्रीरामपूरकडील ऊंसवाला, पारनेरचा कांदा आणि वाटाणा पिकविणारा, पाथर्डीहून ऊंसतोडीला जाणारा मजूर, ह्या सर्वांचें आयुष्य उघड्या आभाळाखालीं जातें. त्यांपैकीं एखाद्याचीं मूत्रपिंडें निकामी झालीं आणि पुण्यास किंवा मुंबईस जाऊन त्यानें आईचें अथवा पत्नीचें मूत्रपिंड घेतलें, तरी परत येऊन त्याला उभें राहावयाचें असतें तें त्याच शेतांत, त्याच उन्हांत. म्हणून ह्या विचित्र वाटणाऱ्या सूचनेमागील शास्त्र समजून घेणें अगत्याचें आहे.

प्रारंभ करावयाचा तो 'आपलें' आणि 'परकें' ह्या भेदापासून. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' नामक मासिकांत १७९४ च्या ऑक्टोबरांत पुण्याकडील एका शस्त्रक्रियेचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. इंग्रजांच्या फौजेंत बैल हांकणारा कावसजी नांवाचा मनुष्य टिपूच्या लोकांच्या हातीं सांपडला आणि त्यांनीं त्याचें नाक कापलें. पुढें पुण्याजवळील एका देशी वैद्यानें त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवें नाक करून दिलें. तें नाक टिकलें, कारण ती कातडी कावसजीचीच होती. तीच दुसऱ्या कोणाची असती, तर कांहीं दिवसांत काळी पडून गळून गेली असती. वैद्याचें कौशल्य कितीहि थोर असलें, तरी ह्या नियमापुढें त्याचें कांहीं चाललें नसतें.

हा नियम कां आहे, याचा उलगडा दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत झाला. पीटर मेडावर आणि टॉमस गिब्सन ह्या दोघांनीं ग्लासगो येथें भाजलेल्या रोग्यांवर काम केलें. एका भाजलेल्या स्त्रीला तिच्या भावाच्या कातडीचे तुकडे लावले, ते कांहीं दिवसांनीं झडले. त्याच भावाची कातडी दुसऱ्यांदा लावली, तेव्हां ती पूर्वीपेक्षां लवकर झडली. १९४३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ह्या निरीक्षणाचा अर्थ फार मोठा होता. शरीरानें पहिल्या पाहुण्याची ओळख लक्षांत ठेविली होती, आणि दुसऱ्या खेपेस तें तयारींत होतें. देवीची किंवा गोवराची ओळख ज्या शक्तीनें शरीर ठेवतें, तीच शक्ति परक्या कातडीलाहि हुसकून लावते, असें त्यावरून ठरलें. मेडावर यांना १९६० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

ह्या शक्तीला प्रतिकारशक्ति म्हणतात. हुरड्याच्या दिवसांत ज्वारीच्या शेतांत माळ्यावर गोफण घेऊन बसलेला राखण्या जसा चारी दिशांना नजर ठेवून असतो, तसे रक्तांतील पांढऱ्या पेशींचे जथे सर्व शरीरभर हिंडत असतात. त्यांतील टी-पेशी ह्या विशेष चाणाक्ष. शरीरांतील प्रत्येक पेशी आपल्या पृष्ठभागावर आपल्या अंतरंगाचे नमुने, दारावर तोरण लावावें तसे, लावून ठेवते. टी-पेशी ते तपासते. नमुना ओळखीचा असला तर पुढें जाते, अनोळखी असला तर हल्ला चढविते. दुसऱ्याच्या मूत्रपिंडावरील बहुतेक तोरणें अनोळखी. त्यामुळें तें कितीहि निरोगी असलें, कितीहि प्रेमानें दिलेलें असलें, तरी टी-पेशीच्या लेखीं तो घुसखोरच.

१९५४ च्या डिसेंबरांत बॉस्टन येथें जोसेफ मरे यांनीं पहिलें यशस्वी मूत्रपिंडारोपण केलें, तें एकरूप जुळ्या भावांमध्यें. दोघांच्या पेशींवरील खुणा एकच असल्यानें तेथें भांडणाचें कारणच उरलें नाहीं. पण प्रत्येक रोग्याला जुळा भाऊ कोठून मिळावा? इतरांसाठीं राखण्याची गोफण खालीं ठेवविणें, एवढाच मार्ग होता. जर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेंतून निघालेल्या ॲझाथायोप्रिन ह्या औषधानें १९६२ सालीं तो मोकळा झाला. पुढें नॉर्वेमधील एका पठारावरून आणलेल्या मातीच्या नमुन्यांत एक बुरशी सांपडली. तिच्यापासून सायक्लोस्पोरिन निघालें, आणि १९८३ नंतर त्याचा प्रसार सर्व जगांत झाला. त्यानंतर टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट हीं औषधें आलीं. आज बहुतेक रोग्यांना हीं शेवटचीं दोन औषधें आणि स्टेरॉइड मिळून घ्यावीं लागतात, आणि तींहि मूत्रपिंड चालूं आहे तोंपर्यंत, म्हणजे बहुधा जन्मभर.

भारतांतील पहिलें मूत्रपिंडारोपण मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत १९६५ सालीं झालें. परंतु तो रोगी वांचूं शकला नाहीं. पहिलें यश वेल्लोर येथें १९७१ सालीं मिळालें. १९९४ सालीं अवयव-प्रत्यारोपणाचा कायदा झाला, मस्तिष्कमृत्यूला मान्यता मिळाली, आणि आज महाराष्ट्रांत मूत्रपिंड, यकृत व हृदय यांचीं आरोपणें होत असतात. तरीहि आपल्याकडील बहुसंख्य मूत्रपिंडें जिवंत आप्तांकडूनच येतात, आणि त्या आप्तांत आई, पत्नी, बहीण अशा स्त्रियांचीच संख्या फार मोठी असते.

गोफण खालीं ठेवली, पाहुणा सुखानें राहिला, येथवर कथा आनंदाची आहे. परंतु राखण्याकडे दुसरेंहि एक काम होतें. बाहेरून येणाऱ्या पांखरांना हुसकावणें हें जसें त्याचें काम, तसेंच शेतांतल्या शेतांत उगवणारें तण ओळखून उपटणें हेंहि त्याचेंच. हें तण म्हणजे कर्करोग, आणि त्याचें बीं सर्वांत अधिक पडतें तें त्वचेंत.

तें कसें पडतें, हें पाहण्यासाठीं पुन्हां उन्हाकडे वळलें पाहिजे. नगर शहर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें १९ अंशांवर आहे. मेच्या मध्यास आणि पुन्हां जुलैच्या अखेरीस तेथें सूर्य माध्यान्हीं अगदीं डोक्यावर येतो, आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशींच लोपते. सूर्यप्रकाशांतील अतिनील किरणांना त्या वेळीं वातावरणाचा सर्वांत पातळ थर ओलांडावा लागतो, म्हणून ते अधिक प्रखर असतात. ह्या किरणांची धग लागत नाहीं, ते डोळ्यांस दिसत नाहींत. थंडीच्या दिवसांत दुपारचें ऊन सुखद वाटलें, तरी त्यांत ते असतातच. विरळ ढगांतूनहि ते पार होतात. उन्हाची धग निराळी आणि अतिनील किरण निराळे, हा भेद सर्वांनीं ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

त्वचेच्या पेशींत शिरून हे किरण आनुवंशिक द्रव्याच्या, म्हणजे डी. एन. ए. च्या, सांखळीवर आघात करतात. शेजारशेजारच्या दोन कड्या एकमेकींना चिकटतात आणि मजकूर बिघडतो. दररोजच्या उन्हानें अशा असंख्य चुका होतात, आणि पेशींतील दुरुस्तीचे कारागीर त्यांतील बहुतेक सुधारतात. एखादी चूक राहूनच गेली, तर 'पी-५३' नांवाचा जीन पुढें येतो. बिघडलेल्या पेशीला वाढूं न देणें, आणि वेळ पडल्यास तिला मरावयास लावणें, हें त्याचें कार्य. परंतु चूक खुद्द ह्या पी-५३ मध्येंच झाली, तर त्या पेशीचा लगाम सुटतो. अशा पेशीच्या पृष्ठभागावर मात्र विद्रूप झालेले अनोळखी नमुने दिसूं लागतात. हिंडती टी-पेशी ते पाहते आणि ती बिघडलेली पेशी तेथल्या तेथें नष्ट करते. दुरुस्ती, आत्मनाश आणि राखण, असे हे तीन पहारे. निरोगी मनुष्याच्या कातडींत ते वर्षानुवर्षें आपलें काम करीत असतात, आणि त्याला त्याची वार्ताहि नसते.

आरोपण झालेल्या रोग्यांत तिसरा पहारा औषधांनीं ढिला केलेला असतो, आणि कांहीं औषधें पहिल्या पहाऱ्यालाहि धक्का लावतात. सायक्लोस्पोरिनमुळें डी. एन. ए. च्या दुरुस्तींत अडथळा येतो. ॲझाथायोप्रिनची गोष्ट आणखी चमत्कारिक आहे. ह्या औषधाचा एक अंश डी. एन. ए. च्या सांखळींत जाऊन बसतो, आणि एरवीं तिला फारशी न बाधणारीं लांब लहरींचीं अतिनील किरणें तो शोषून घेऊं लागतो. त्यांतून जे दाहक प्राणवायुकण निर्माण होतात, ते सांखळीला जागच्या जागीं जाळतात. ब्रिटिश संशोधकांनीं २००५ सालीं ही गोष्ट दाखवून दिली. म्हणजे पहारेकऱ्याला झोंप लावणारें औषध चोराच्या हातीं किल्लीहि देत होतें! आजकाल ह्या औषधाचा वापर पुष्कळ कमी झाला आहे, पण जुन्या रोग्यांपैकीं अनेकांनीं तें वर्षानुवर्षें घेतलेलें असतें. व्होरिकोनॅझोल नांवाचें बुरशीविरुद्धचें औषधहि फार दिवस घेतल्यास त्वचा उन्हाला हळवी होते.

हा केवळ तर्क नव्हे. अमेरिकेंतील डेन्व्हर येथील शल्यवैद्य इझ्रायल पेन यांनीं १९६० नंतरच्या दशकांतच आरोपित रोग्यांत उद्भवणाऱ्या कर्करोगांची नोंद ठेवावयास आरंभ केला होता. पुढें युरोपांतील नोंदींवरून असें आढळलें कीं, त्वचेचा जो 'स्क्वेमस' जातीचा कर्करोग, त्याचें प्रमाण गोऱ्या रोग्यांत सामान्य लोकांच्या पासष्ट ते अडीचशे पट होतें. 'बेसल' जातीचा कर्करोग सुमारें दहापट झाला. सामान्य गोऱ्या लोकांत बेसल जातीचा रोग अधिक आणि स्क्वेमस कमी. आरोपित रोग्यांत हें प्रमाण उलटें होतें. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांतांत, जेथें गोरी कातडी आणि प्रखर ऊन यांची गांठ पडते, तेथें आरोपणानंतर वीस वर्षांनीं सत्तर टक्के रोग्यांना त्वचेचा एखादा तरी कर्करोग झालेला आढळला. ह्या रोग्यांत तो अधिक वेगानें वाढतो, पुन्हां पुन्हां उद्भवतो आणि अधिक वेळां गांठींत पसरतो.

राखणीची किंमत सर्वांत स्पष्ट दाखविणारी हकीकत २००३ सालीं ग्लासगोच्या डॉक्टरांनीं प्रसिद्ध केली. एका व्यक्तीवर मेलॅनोमा ह्या त्वचेच्या घातक कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली होती. त्यानंतर सोळा वर्षें ती व्यक्ति त्या रोगापासून मुक्त होती. दुसऱ्या कारणानें मृत्यु आल्यावर तिचीं दोन्ही मूत्रपिंडें दोन रोग्यांना देण्यांत आलीं. त्या दोघांच्याहि शरीरांत मेलॅनोमा उद्भवला. तो त्यांचा नव्हता, दात्याचा होता. दात्याच्या देहांत सोळा वर्षें कांहीं कर्कपेशी जिवंत होत्या आणि त्याच्या प्रतिकारशक्तीनें त्यांना डोकें वर काढूं दिलें नव्हतें. औषधांनीं राखण निजविलेल्या देहांत येतांच त्या जाग्या झाल्या. ह्याच गोष्टीची दुसरी बाजू कापोसी सार्कोमा नामक विषाणुजन्य कर्करोगांत दिसते. तेथें औषधांत योग्य तो बदल केला असतां कातडीवरील जांभळे डाग कित्येक रोग्यांत विरून गेले. राखण्या जागा झाला, तर तण उपटतो, हा त्याचा अर्थ.

आतां एक शंका उपस्थित होईल. हे सर्व आंकडे गोऱ्या लोकांचे. सांवळ्या कातडीच्या मनुष्याला त्याचें काय? शंका रास्त आहे. कातडीला सांवळा रंग देणारें मेलॅनिन हें द्रव्य पेशीच्या केंद्राच्या डोक्यावर छत्रीसारखें पसरतें आणि अतिनील किरण अडवितें. त्यामुळें भारतांत एकंदर कर्करोगांमध्यें त्वचेच्या कर्करोगाचें प्रमाण फार थोडें आहे, आणि आरोपित रोग्यांतहि तो युरोपाच्या मानानें क्वचित् आढळतो. आपल्याकडील अशा रोग्याला अधिक भय असतें तें क्षयाचें, बुरशीचें आणि इतर जंतुसंसर्गाचें. म्हणून येथील रोग्यानें घाबरून जाण्याचें कांहींच कारण नाहीं. परंतु छत्री म्हणजे छप्पर नव्हे. शिवाय सांवळ्या त्वचेंत हा रोग निराळ्या वाटेनें येतो, आणि ती वाट न कळल्यामुळें उशीरा ओळखला जातो.

ही वाट प्रथम दाखविणाऱ्यांत एका मराठी संशोधकाचें नांव अग्रगण्य आहे. मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं उघडलें. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी डॉ. सूर्याबाई यांनीं १९४५ सालीं भारतांतील चालीरीतींशीं निगडित असलेल्या कर्करोगांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांत 'धोतराचा कर्करोग' वर्णिलेला आहे. धोतराची गांठ वर्षानुवर्षें कंबरेवर एकाच जागीं घट्ट बसते. तेथें कातडी घांसली जाते, काळवंडते, खरखरीत होते, चिरते. आणि कांहीं थोड्यांच्या बाबतींत त्याच चिरेंत कर्करोग उद्भवतो. काश्मीरांत पोटाशीं धरलेल्या कांगडीच्या शेकानें होणारा कर्करोग ह्याच कुळांतला. उन्हाचा कंबरेशीं काय संबंध? कांहीं नाहीं. येथें अपराधी ऊन नसून सततची इजा होय.

हा इतिहास जुना झाला, असें मानण्याचें कारण नाहीं. २०२४ सालीं वर्धा येथील आणि बिहारमधील डॉक्टरांनीं मिळून कंबरेवरील अशाच कर्करोगाची हकीकत एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केली. रोगी दोन वृद्ध स्त्रिया होत्या. एक परकराच्या नाडीवर साडी नेसणारी, दुसरी परकरावांचून लुगडें नेसणारी. भाजल्याच्या किंवा जुन्या जखमेच्या वणावर होणारा कर्करोगहि ह्याच जातीचा. चुलीशीं भाजलेल्या स्त्रियांची आणि पायांवर जुनाट व्रण वागविणाऱ्या शेतकऱ्यांची संख्या जेथें मोठी, तेथें हें विसरतां येत नाहीं. दाट वणांत रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या थोड्या असतात, म्हणून हिंडत्या टी-पेशींना तेथें पोंचणें कठीण जातें, असें कित्येक शास्त्रज्ञांचें मत आहे. तसें असेल, तर वण म्हणजे माळ्यावरून न दिसणारा शेताचा कोपरा होय. आरोपित रोग्याच्या बाबतींत तर सगळ्याच शेतावरची नजर मंद झालेली. मग अशा कोपऱ्याची काळजी दुप्पट घ्यावयास नको काय?

अमेरिकेंतील कृष्णवर्णीय आरोपित रोग्यांच्या तपासणींतहि असेंच दिसून आलें. त्यांच्यांतील कर्करोग पुष्कळदां उन्हानें कधींच न पाहिलेल्या जागीं, जांघेंत व गुह्यांगावर, सांपडले, आणि तेथें चामखिळीच्या विषाणूचा हात होता. सांवळ्या लोकांत मेलॅनोमा होतो तो बहुधा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखालीं. म्हणून ज्या डॉक्टरानें रोग्याचा फक्त चेहरा आणि हात पाहिले, त्यानें अर्धेंच काम केलें.

मग रोग्यानें करावें तरी काय? पहिली गोष्ट अशी कीं, ही सर्व माहिती ऐकून भीतीनें औषधें बंद करूं नयेत. हा धोका कल्पित नाहीं. औषध सुटलें कीं टी-पेशी जाग्या होतात आणि ज्या मूत्रपिंडासाठीं आईनें किंवा पत्नीनें आपलें पोट चिरून घेतलें, तें कांहीं दिवसांत अथवा आठवड्यांत निकामी होऊं शकतें. कर्करोगाची शक्यता पुढची आणि थोडी. मूत्रपिंड गमावण्याची शक्यता आजची आणि मोठी. औषधांची मात्रा कमी करावयाची किंवा औषध बदलावयाचें, तर तो निर्णय आरोपण करणाऱ्या डॉक्टरांनींच घ्यावयाचा असतो. एखाद्याला त्वचेचा कर्करोग झाल्यास सिरोलिमस हें निराळ्या जातीचें औषध देण्याचा मार्ग आहे. युरोपांत २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत जुन्या औषधांवर राहिलेल्यांपैकीं ३९ टक्क्यांना दोन वर्षांत नवा स्क्वेमस कर्करोग झाला. सिरोलिमस घेणाऱ्यांत हें प्रमाण २२ टक्के होतें. पण त्याचे स्वतःचे दुष्परिणाम आहेत, आणि तें सर्वांना सोसत नाहीं. निकोटिनामाइड ह्या जीवनसत्त्वाचा सामान्य लोकांत उपयोग दिसला होता; आरोपित रोग्यांत मात्र २०२३ सालच्या प्रयोगांत तो दिसून आला नाहीं. म्हणून कोणाच्या सांगण्यावरून गोळ्या आणून खाण्यांत अर्थ नाहीं.

कर्करोग फार पसरला, तर डॉक्टरांपुढें मोठें धर्मसंकट उभें राहतें. प्रतिकारशक्तीला चेतवून कर्करोगावर सोडणारीं नवीं औषधें आज उपलब्ध आहेत, आणि इतर रोग्यांत तीं मोठें काम करतात. परंतु चेतलेली टी-पेशी कर्करोग आणि पाहुणा असा भेद करीत नाहीं. अशा उपचारांत सुमारें दहांपैकीं चार रोग्यांचें आरोपित मूत्रपिंड शरीर नाकारतें, असा अनुभव आहे. एकाच गोफणीनें पांखरूं उडवावयाचें आणि पाहुण्याला धक्का लागूं द्यावयाचा नाहीं, ही युक्ति शास्त्राला अद्यापि पूर्णपणें साधलेली नाहीं. रोग लहान असतांना ओळखून कापून काढणें, हाच त्यावरचा खरा आणि स्वस्त उपाय.

आणि तो बराचसा रोग्याच्या व त्याच्या घरच्यांच्या हातीं आहे. शेतीचीं कामें सकाळीं लवकर किंवा संध्याकाळीं उरकावीं. अकरा ते तीन ह्या वेळांत सावली सोडूं नये. डोक्याला फेटा किंवा रुंद कांठाची टोपी असावी. साधी गांधी टोपी डोकें झांकते, पण कान, मान आणि ओंठ उघडेच राहतात. म्हणून उपरण्यानें मान व कान झांकावे. स्त्रियांनीं पदराखालीं चेहऱ्यावर सावली पडेल असें पाहावें. घट्ट विणीच्या सुती कापडाचा पूर्ण बाहीचा सदरा हें मलमापेक्षां भरंवशाचें कवच आहे. चेहऱ्याला आणि हातांना सनस्क्रीन लावावें, आणि घामानें तें उतरतें म्हणून पुन्हां लावावें. ऊन टाळल्यानें 'ड' जीवनसत्त्व कमी पडण्याचा संभव असतो, आणि मूत्रपिंडाच्या रोग्याचीं हाडें आधींच दुबळीं झालेलीं असतात. तेव्हां त्याची तपासणी डॉक्टरांकडून करवून घ्यावी.

महिन्यांतून एका ठरलेल्या दिवशीं, चांगल्या उजेडांत, आरसा घेऊन आणि घरच्या माणसाच्या मदतीनें सर्व अंग पाहावें. टाळू, कानांच्या पाळ्या, ओंठ, तोंडाच्या आंतील बाजू, करदोड्याखालची, नाडीखालची आणि लुगड्याच्या गांठीखालची कंबर, जांघा, तळपाय, नखें आणि जुने वण, यांतील एकहि जागा वगळूं नये. लाजेनें तर मुळींच वगळूं नये. खरखरीत होऊन खवले धरणारा चट्टा, पटापट वाढणारी चामखीळ, शिंगासारखी कठीण वाढ, महिन्याभरांत न भरणारी जखम, हात लागतांच रक्त येणारी गांठ, तळपायावर नव्यानें उमटलेला काळा डाग, जुन्या वणांत एकाएकीं होणारी ठणक, ह्यांपैकीं कांहींहि दिसलें तर थांबूं नये. गांवांतील कोणी चामखीळ जाळून देतो, कोणी झाडपाल्याचा लेप लावतो. अशा उपायांत महिने जातात, आणि तेवढ्यांत रोग गांठींत उतरतो. तंबाखू आणि मिसरी यांनीं ओंठांचा व तोंडाचा कर्करोग एरवींहि होतो. आरोपित रोग्यानें त्यांना स्पर्शहि करूं नये.

ह्यासाठीं प्रत्येक वेळीं पुण्या-मुंबईस धांवण्याची गरज नाहीं. जिल्ह्यांतच लोणी आणि विळद घाट येथें वैद्यकीय महाविद्यालयें आहेत, आणि तेथें त्वचारोगतज्ज्ञ असतात. वर्षांतून एकदां त्यांच्याकडून सर्वांग तपासून घ्यावें, आणि आपल्या अंगांत दुसऱ्याचें मूत्रपिंड आहे व आपण अमुक औषधें घेतों, हें त्यांना प्रथमच सांगावें. शंकास्पद जागेचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला, म्हणजे निदान पक्कें होतें. त्वचेच्या कर्करोगाला एक मोठा गुण आहे, तो हा कीं तो डोळ्यांना दिसतो. पोटांतील किंवा फुप्फुसांतील कर्करोग शोधण्यास यंत्रें लागतात. हा शोधण्यास उजेड, आरसा आणि घरचें एक माणूस पुरे.

शरीरशास्त्रांत फुकट असें कांहीं मिळत नाहीं. दुसऱ्याच्या अवयवाला आपल्या देहांत जागा करून द्यावयाची, तर देहाच्या राखण्याला थोडी डुलकी घेऊं द्यावीच लागते. त्या डुलकीच्या काळांत शेताची राखण मालकानें स्वतः करावयाची, एवढेंच त्या यादींतील बुचकळ्यांत टाकणाऱ्या सूचनेचें सांगणें आहे. औषध चुकवूं नये, ऊन अंगावर घेऊं नये, आणि अंगावरची नवी खूण नजरेआड करूं नये. ज्या मातेनें अथवा पत्नीनें आपल्या देहांतील एक मूत्रपिंड काढून दिलें, तिच्या दानाचें चीज महिन्यांतून अर्धा तास आरशापुढें उभें राहिल्यानें होणार असेल, तर तो सौदा महाग म्हणतां येणार नाहीं.